कांद्यात खून नाही

हिंमतराव कादंबरी हातात घेतात तेव्हा लगेच उघडत नाहीत, आधी जोखतात. फुलकोबीचा गड्डा जोखावा तशी तळहातावर वरखाली करतात, पानं फर्रकन सोडतात, वास घेतात आणि मग निकाल देतात, "हे कपाशीचं पुस्तक हाय." किंवा, "हे भुईमुगात चालन, पन दोन दिवसाच्या वर टिकनार नाई." नांदुऱ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल प्रतिमाताईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, गृहस्थ कृषी केंद्र समजून चुकून आत आले. आता त्याच विचारतात, "काय देऊ हिंमतराव, तुरीचं की हरभऱ्याचं?"

भानगड अशी आहे. संग्रामपूरच्या वर, सातपुडा अगदी घरामागं येऊन बसल्यासारखा वाटतो, त्या भागात हिंमतरावांची शेती आहे. जमीन काळी, विहिरीला पाणी बरं, बायको रुख्मिणी त्यांच्यापेक्षा कामाची. सगळं जागच्या जागी. नसतात त्या फक्त निंदायला बाया. ही अडचण एकट्या त्यांची नाही, आख्ख्या शिवाराची आहे. तण सगळ्यांच्या वावरात एकाच आठवड्यात वर येतं आणि गावात बायांची टोळी एकच, अंबूबाईची. उद्या कोणाच्या वावरात खुरपी लागणार हे अंबूबाई ठरवते, आणि ती ठरवेपर्यंत भलेभले तिच्या ओट्यासमोर टोपी सारखी करत उभे असतात. मजुरी सगळीकडं सारखीच. मग बायांनी तुमच्याकडंच का यावं? कोणी दोनदा चहा देतं, कोणी घरी लवकर सोडतं. हिंमतराव कादंबरी सांगतात.

वाचून दाखवत नाहीत, सांगतात. बाया ओळीनं उकिडव्या बसून निंदत पुढं सरकतात, आणि हिंमतराव त्यांच्याकडं तोंड करून, हातात खुरपं घेऊन, मागंमागं सरकतात. त्यांच्या खुरप्यानं फारसं तण निघत नाही, पण गोष्ट निघते.

हा नाद त्यांना तसा उशिरा लागला. बैलगाडीवरून पडून पाय मोडला तेव्हा ते नांदुऱ्याला लेकीकडं, प्राचीकडं, पडून होते. जावयाच्या घरचा टीव्ही नेमका बिघडलेला. प्राचीनं वाचनालयातून आधी एक जाडजूड संतचरित्र आणून दिलं. हिंमतराव म्हणाले, "बाई, पाय मोडला हाय. मी चाललो नाई अजून." मग तिनं खुनाचं आणलं. ते संपवून त्यांनी दुसरं मागितलं, मग तिसरं. पाय बरा झाला, हे दुखणं राहिलं.

तेव्हापासून त्यांची मतं तयार होत गेली आणि ती ते कोणी न विचारता देतात. विज्ञानकथेबद्दल त्यांचं म्हणणं असं की लेखकानं थाप एकच मारावी. यान पार दुसऱ्या सूर्यापर्यंत गेलं म्हणता? गेलं. हिंमतराव मान हलवतात, त्यांचं काही म्हणणं नाही. पण एकदा तिथं पोचल्यावर पुढं सगळं सरळ पाहिजे. तिथं पाणी कोण भरतं, सांडपाणी कुठं जातं, भांडण झालं तर माणूस रागावून बाहेर कुठं जातो, हे ज्या लेखकानं सांगितलं तो खरा. "नुसती बटनं दाबत बसले तं ती कादंबरी नाई, गिरनी हाय," असं ते म्हणतात.

एकदा ते बायांना अशा ग्रहाची गोष्ट सांगत होते जिथं लोक जेवत नाहीत, सकाळी एक गोळी खातात की दिवसभराचं भागतं.

"म्हंजे चूल नाई?" अंबूबाईनं विचारलं.

"नाई."

"भांडे?"

"भांडेबी नाई."

"मंग तिथच्या बाया दिवसभर करतात काय?"

"यान चालवतात."

"अन् पोट्टे कोन सांभायते?"

"रोबोट."

अंबूबाईनं खुरपं खाली ठेवलं. "हिंमतभाऊ, तिथी निंदाले टोळी लागते का, पाहाजा बरं."

काळात मागं नेणाऱ्या यंत्राची गोष्ट निघाली तेव्हा तर भुईमूग राहिला बाजूला. कोण किती मागं जाणार यावरच बाया बोलत बसल्या. अंबूबाईची सून सारिका म्हणाली, मी दहावीच्या गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी जाईन. कोणी म्हणालं, माय जिती होती त्या दिवाळीत. हिंमतरावांनी मोठ्या आशेनं रुख्मिणीकडं पाहिलं. ती शेंगा झटकत म्हणाली, "मी तं ज्या दिवशी तुमी मले पाहाले आलते, त्या दिवशी जाईन. अन् मागच्या दारानं आत्याबाईच्या घरी निंघून जाईन." तेव्हापासून काळयंत्राच्या कादंबऱ्यांवर हिंमतरावांचं मत जरा कडक आहे. त्या माणसाचं घर मोडतात, असं ते म्हणतात.

राजे, जादूगार आणि उडत्या अजगरांच्या कादंबऱ्यांबद्दल त्यांची तक्रार निराळी. "पाचशे पानं वाचली. सात राजे, चार लढाया, तीन लग्नं. पन इतक्या पानात एक मानूस पेरनी करताना दिसला नाई. मंग एवढी फौज खाते काय?" शिवाय त्यातली नावं. तोंडात खडे घालून म्हणावीत अशी. त्यावर त्यांनी तोड काढली. राजाला सरपंचाचा चेहरा द्यायचा, दुष्ट जादूगाराला सोसायटीच्या सचिवाचा, आणि अजगराला गावच्या जुन्या एस.टी.चा आवाज. मग बाया कुठं अडत नाहीत. फक्त एकदा अजगर हिरव्यागार रानावर आग ओकत गेला तेव्हा टोळीतली छाया म्हणाली, "हरभऱ्यावरून गेला असता तं साऱ्या गावाचा हुळा भाजून झाला असता," आणि पुढची लढाई हसण्यात वाहून गेली.

राहिल्या रहस्यकथा. बायांचा सगळा जीव त्यांत. हिंमतरावांचं मत: पहिल्या चाळीस पानांत जो फार गोड बोलतो त्याच्यावर नजर ठेवायची. श्रीमंताच्या बंगल्यात खून झाला की पोलीस आधी गड्याला धरणार, आणि शेवटी निघणार घरातला, मालमत्तेवर डोळा असलेला. आणि गुप्तहेर कितीही हुशार असला तरी त्याला सासुरवाडी नसते. "सासरवाडी असती तं एवढा येळ भेटला असता काय त्याले?"

पण रहस्यकथा कुठंही सांगता येत नाही. रुख्मिणीचा कायदा आहे: कपाशीत खून चालेल, तुरीत चालेल, कांद्यात खून नाही. कारण कांद्याचं कोवळं रोप आणि त्यात उगवलेला लव्हाळा दिसायला सख्खे भाऊ. दोघांची पात हिरवी, बारीक, उभी. हात शांत पाहिजे, नजर खाली पाहिजे. एका वर्षी हिंमतरावांनी कांद्यात खून केला आणि खुनी सुरा काढून पडद्यामागून बाहेर आला त्या क्षणी सगळ्या ओळीनं एकदम वर पाहिलं. खुरपी मात्र चालूच होती. संध्याकाळी रुख्मिणीनं उपटलेले कांदे टोपलीत भरून नवऱ्यापुढं ओतले. "हे घ्या. तुमच्या गोष्टीत मेला एक, अन् माह्या वावरात हे." तेव्हापासून कांद्याला राजाची गोष्ट. संथ, लांबलचक, कोणी वर पाहावं असं त्यात फारसं काही घडत नाही.

यंदा मात्र सगळं फिसकटलं. शेजारच्या वावराचा अविनाश, पुण्यात कंपनीत काही वर्षं काढून परत आलेला, त्यानं एक स्पीकर आणला. रॉकेलच्या डब्याएवढा. मोबाइल जोडला की त्यातून एक बाई शुद्ध भाषेत, मागं वीणा-बिणा वाजवत, गोष्टी सांगायची. वर बायांना न्यायला-आणायला पिकअप. अंबूबाईची टोळी हिंमतरावांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पिकअपमध्ये उभी राहून गेली. सारिकानं हात हलवून "येतो काकाजी!" असं म्हटलं तेही त्यांना लागलं.

इकडं कांद्यात तण कांद्याच्या डोक्यावरून जायला लागलं. कांदा मोठं रुसवं पीक. एकदा तणाखाली दबला की मग खत घाला, पाणी द्या, तो बसतो तो बसतोच.

"आनखी सांगा राजाच्या गोष्टी," रुख्मिणी म्हणाली. "त्या राजाले म्हना, ये निंदाले."

"अवं, त्या डब्यात जीव हाय काय? त्याले मधात काही इचारता येते?"

"इचारता येत नाई. पन तो दुपारी भाकरीसंगं ठेचाबी मागत नाई."

हिंमतराव दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नांदुऱ्याला गेले. वाचनालयाच्या टेबलापुढं उभं राहून त्यांनी घसा खाकरला.

"ताई, यंदा कांद्यात खून कराचा हाय."

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका गुरुजींनी पेपर खाली घेतला. प्रतिमाताई मात्र सराईतपणे कपाटाकडं वळल्या. "हे न्या. सारखं बाहेरच असतं, कालच परत आलंय. लोक म्हणतात, हातातून सुटत नाही." हिंमतरावांनी जोखलं, वास घेतला. आठवडाभराचं निंदण, बरोबर कांदा संपेपर्यंत.

तसेच ते अंबूबाईच्या ओट्यावर.

"खुनाचं हाय?" तिनं विचारलं.

"खुनाचं."

"कांद्यात?"

"कांद्यात."

"रुख्मावैनीले माईत हाय?"

"होईन माईत."

अंबूबाई मिशरी लावत विचारात पडली. "त्या डब्यातल्या बाईचं काय हाय भाऊ, आपन पानी प्याले उठलो तं ते थांबत नाई. आलं तवर राजकन्येचं लगनबी झालेलं असते. येतो आमी. पन पक्कं सांगतो. गोष्ट हाय तवर तुमच्याकडं. गोष्ट संपली का दुसऱ्या दिवशी अविनाशकडं. त्याचाबी कांदा हाय, त्याले शब्द देला हाय."

टोळी आली. रुख्मिणीनं कपाळावर हात मारला, पण बाया दारात आल्यावर काय बोलणार? ती फक्त टोपली घेऊन ओळीमागं चालत राहिली, उपटलेले कांदे गोळा करत.

गोष्ट होती एका निवृत्त न्यायाधीशाची. थंड हवेच्या ठिकाणी बंगला, धुकं, बाहेर पूल. न्यायाधीश झोपायच्या आधी पेलाभर दूध प्यायले आणि पुन्हा उठलेच नाहीत. दुधात विष. घरात माणसं चार: दुसरी बायको, पुतण्या, मुक्कामाला आलेला डॉक्टर मित्र आणि स्वयंपाकी.

"दुसरी बायको," अंबूबाईनं पहिल्याच वाफ्यात निकाल दिला.

"काऊन जी, आत्याबाई?" सारिका म्हणाली. "घरात काही झालं का बाईवरच येता तुमी. परवा दूध नासलं तवाबी माह्यावरच आलत्या."

"नासवलं तूच होतं."

"डॉक्टर पाहा नं. जहर त्याच्यापाशीच असते."

ओळीच्या टोकाला छाया निंदत होती. ती स्वतः दुसरेपणावर दिलेली. फार बोलत नाही, पण त्या दिवशी खाली पाहतच म्हणाली, "दुसरी बायको जहर देत नसते, अंबूमावशी. तिच्या हातचं दूध तं आधीच सारेजन हुंगून पेतात." असं मत हिंमतरावांना कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

पुढं वाद इतका पेटला की काम मागं पडलं. पुलावर इन्स्पेक्टरला चिखलात बुटाचे ठसे सापडले, बाया थांबल्या. पुतण्याचं पत्र फायरप्लेसमध्ये अर्धं जळालेलं मिळालं, बाया थांबल्या. फायरप्लेस म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा वाफा गेला. "घरात चूल, पन स्वयंपाकाची नाई," असं म्हटल्यावर अंबूबाईला त्या घरात खून का झाला हे लगेच पटलं. हिंमतरावांचा अंदाज चुकला होता. गोष्ट संपत आली आणि अर्धा कांदा तसाच उभा.

आता त्यांची एक पद्धत सांगायला पाहिजे. ते पुस्तक आधी पूर्ण वाचत नाहीत. त्या दिवसापुरता भाग सकाळी आंघोळीचं पाणी तापतं तोवर चुलीजवळ बसून वाचतात, आणि तेवढाच सांगतात. कारण पुढचं माहीत झालं की त्यांच्या तोंडावर दिसतं. एकदा त्यांनी शेवट आधी वाचला होता आणि अंबूबाईनं माळ्याचं नाव निघताच त्यांच्या भुवया पाहून खुनी ओळखला, तेही तूर अर्धी राहिली असताना.

म्हणून शेवटच्या भागाच्या दिवशी जे झालं ते त्याच सकाळी कळलं. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, 'खुनी याच खोलीत आहे, आणि तो म्हणजे'. हिंमतरावांनी पान उलटलं. पुढं पुठ्ठा होता.

त्यांनी बोट लावून पाहिलं. मग पुस्तक झटकलं. चुलीतून धूर आला, खुनी आला नाही.

प्रतिमाताईंना फोन लावला. "ताई, तुमच्या पुस्तकातून खुनी फरार हाय."

"म्हणजे? शेवटची पानं नाहीत? अहो, बांधणीतून निघाली असतील. हल्लीची बांधणीच तशी."

"तुमी वाचलं असन नं?"

"मी रहस्यकथा वाचतच नाही हो. मला मग घरात एकटीला भीती वाटते."

रुख्मिणी पाणी काढायला आली होती, तिनं सगळं ऐकलं. "बरंच झालं," ती म्हणाली. "द्या ठोकून काहीबाही. अन् असं ठोका का अजून आठ दिवस पुरन. कांदा होऊन जाईन सारा. कोनाले कळते?"

गोष्ट खरी होती. पण हिंमतराव पुस्तकाची धूळ पुसत बसले. लेखकाला ते वाटेल ते बोलायचे. त्याची लांबण गाळायचे, त्याची फौज खाते काय असं विचारायचे. पण त्याच्या गोष्टीत आपल्या पदरचा एक शब्द त्यांनी कधी टाकला नव्हता. "दुसऱ्याच्या पोत्यात आपला माल भरत नसतात," ते म्हणाले. "त्यानं ज्याले खुनी केलं, त्यालेच सांगन. नाई तं नाई."

"नाई तं नाई म्हंजे?" रुख्मिणीनं बादली खाली ठेवली. "नाई तं टोळी अविनाशकडं. उद्या नाई, आजच. मंग हा कांदा तुमी निंदसान का तुमचा लेखक?"

टोळी आली, ओळ लागली आणि हिंमतराव सुरू झाले. पण गाडी पुढं जाईना. दिवाणखान्यात सगळे जमले, तिथं त्यांनी पडद्यांचा रंग सांगितला. खुर्च्या सांगितल्या. चहा आला, तो कपात कसा ओतला ते सांगितलं. हे सगळं पुस्तकात होतं, फक्त एरवी ते गाळायचे.

अंबूबाईनं मान वर केली. "भाऊ, तुमी आज चहाचं काऊन सांगून राह्यले? लगनाले बोलावलं हाय का त्याईले?"

हिंमतरावांनी खुरपं मातीत रोवलं. "अंबूबाई, शेवट नाई माह्यापाशी. पानंच नाईत. आत्ता सकाळी कळलं."

मग जो गलका झाला तो सातपुड्यापर्यंत गेला असावा. "अशी कशी पानं नाईत?" "येवढे दिवस आमी काय गवत उपटत होतो?" "तेच तं उपटत होतो, अवं!" सारिकानं मोबाइलवर शोधून पाहिलं. पुस्तकाचं कव्हर मिळालं, ते विकत घ्या असं मिळालं, खुनी मिळाला नाही.

"पाहू ते पुस्तक," सारिका म्हणाली आणि तिनं पहिली पानं चाळली. मग एकदम, "काकाजी! याच्यात लेखकाचा नंबर हाय नं!"

पानावर पत्त्याखाली मोबाइल नंबर छापला होता. हिंमतराव गोरेमोरे झाले. लेखकाला फोन? आजवर ते लेखकाबद्दल बोलले होते, लेखकाशी कधी नाही.

"लावा," अंबूबाई म्हणाली. "अन् मोठ्यानं लावा, सगळ्याइले ऐकू गेलं पाह्यजे. आन हे पाहा, त्याले नाराज नका करू. आपलं काम हाय त्याच्यापाशी."

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"मी हिंमतराव बोलतो, संग्रामपूरहून. वाचक हाय तुमचा."

"वा! वा!" पलीकडचा आवाज एकदम फुलला. "कुठून म्हणालात? सांगली?"

"संग्रामपूर. बुलडाना जिल्हा."

"अच्छा, बुलढाणा! म्हणजे लोणार!"

"लोनार दुसऱ्या टोकाले जी."

"हो का? छान, छान. पुस्तक तिथवर पोचलं म्हणायचं. मग, कसं वाटलं? अगदी मोकळेपणानं सांगा हं."

अंबूबाईनं दोन्ही हातांनी वरवर इशारा केला, चांगलं म्हणा, चांगलं म्हणा. रुख्मिणीनं डोळे मोठे केले. हिंमतरावांनी तोंड उघडलं, 'फार चांगलं' एवढे दोन शब्द नीट बाहेर पडले, आणि मग तोल गेला.

"फार चांगलं हाय. पन साहेब, त्या पुलावर पाऊस पडते ते दहा पानं काऊन पडते? इन्स्पेक्टर छत्री उघडते, बंद करते, उघडते. आमच्याइथी तेवढ्या पान्यात धरन भरलं असतं. अन् स्वयंपाकी. सुरुवातीले हाय, मंग पार गायबच. घरातले लोक आठ दिवस जेवले काय?"

अंबूबाईनं कपाळ धरलं. पलीकडं लेखक हसला. "पाऊस प्रकाशकानं वाढवायला लावला हो. पानं कमी पडत होती. आणि स्वयंपाकी... हो, राहिलाच वाटतं तो."

हिंमतरावांनी पटकन संधी साधली. "साहेब, शेवटची पानं फाटली हायेत. तेवढा खुनी सांगा. बाया खोळंबल्या हायेत."

"बायका? बरं बरं. कुठली कादंबरी म्हणालात? न्यायाधीशाची. ती दुधाची का सरबताची?"

"दुधाची."

"सरबताची असती तर डॉक्टर होता, ते पक्कं. दुधाची म्हणजे..." बराच वेळ नुसतं हं-हं ऐकू आलं. "पुतण्या असेल. बहुतेक पुतण्याच. माझा बहुतेक वेळा पुतण्या असतो. फार लिहून झालंय हो, लक्षात राहत नाही. घरी प्रत होती, कोणीतरी नेली. असं करा ना, तुम्हाला जो वाटतो त्याला करा खुनी. माझी काही हरकत नाही."

फोन बंद झाला. हिंमतराव धुऱ्यावर बसले. लेखकानं परवानगी दिली होती, तोंडानं, सगळ्यांसमोर. आता कोणालाही खुनी करता आलं असतं, आणि आठ दिवस लांबवताही आलं असतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं ते धरून चालले होते की गोष्टीत काहीही असो, लिहिणाऱ्याला तरी पक्कं माहीत असतं.

"बहुतेक," अंबूबाई तो शब्द बी थुंकल्यासारखा उच्चारत म्हणाली. "मानूस मेला, अन् हा म्हनते बहुतेक. भाऊ, तुमी सांगा. कोन?"

सगळ्या ओळीचे डोळे त्यांच्यावर. हिंमतरावांनी मान हलवली. "मले माईत नाई, अंबूबाई. माह्यापाशी पुस्तक होतं तेवढं सांगून झालं. आता तुमाले अविनाशकडं जाचं असन तं जा. मी शब्द धरनार नाई."

अंबूबाई उठली. हिंमतरावांना वाटलं, चालली. तिनं पदर खोचला आणि वाफा बदलून सारिकाच्या शेजारी जाऊन बसली. "अवं, त्यालेच माईत नाई म्हंजे केस अजून उघडी हाय. तू डॉक्टर म्हंते नं? मले सांग, दूध तापवलं कोनं?"

"स्वयंपाक्यानं. पन वर नेलं बायकोनं."

"तेच तं म्हंते मी!"

"आन जिन्यात तिच्या हातातून पेला कोनं घेतला? डॉक्टरनं. सांगा बरं काकाजी, घेतला होता का नाई?"

"घेतला होता," हिंमतराव धुऱ्यावरूनच म्हणाले. तेवढं पुस्तकात होतं.

"मंग पुतन्या कुठून आला?" हा आवाज मागून आला. रुख्मिणी टोपली घेऊन उभी होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं आजवर एकाही खुनाच्या गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. "पुतन्या तं तवा पुलापाशी होता, चिखलात. त्याचे बूट दारात ओले सापडले म्हनले होते तुमी, परवा."

"तू ऐकत होती?"

"कान बंद करून चालते काय मी कांदे येचत?"

त्यानंतर हिंमतरावांना बोलावं लागलंच नाही. त्यांना फक्त विचारलं जायचं, बूट ओले होते का नव्हते, पेला काचेचा का स्टीलचा, आणि ते पुस्तकात असेल तेवढं सांगायचे, नसेल तिथं "नाई माईत" म्हणायचे. वाद ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि ओळ त्याच्यामागं सरकायची. वर पाहायला कोणाला वेळ नव्हता, कारण आता सांगणारा समोर नव्हता. जिच्याशी भांडायचं ती शेजारीच, खाली मान घालून निंदत होती. रुख्मिणीची टोपली रिकामी राहिली हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

उन्हं कलायला लागली तशी धुऱ्यावर पिकअप येऊन थांबली. अविनाश उतरला, काखेत तो स्पीकर. "अंबूमावशी, उद्याचं पक्कं नं? तुमचं पुस्तक आज संपनार होतं म्हनून आलो."

"नाई संपलं," अंबूबाई मान वर न करता म्हणाली.

"म्हंजे उद्या नाई?"

"उद्या आमी स्वयंपाक्याले धरनार हावो. तो गेला कुठी, ते कोनीच इचारलं नाई. परवा पाहू."

"मावशी, माह्या कांद्याचं काय?"

"इथचा झाला का तुह्याकडंच येनार हावो. केसबी तिकडंच घेऊन येतो. तो डबा तेवढा बंद ठेवजो, आमाले आमचं ऐकू आलं पाह्यजे."

अविनाशनं हिंमतरावांकडं पाहिलं. "काका, काय भानगड हाय ही?"

"मले काऊन इचारतं बाबू? मी आता नुसता साक्षीदार हावो."

"पन खुनी कोन हाय?"

"तेच तं माईत नाई कोनाले. लेखकालेबी नाई."

अविनाश निघाला, दोन पावलं गेला आणि परत आला. स्पीकर धुऱ्यावर ठेवून त्यावरच बसला. "सुरुवातीपासून सांगा बरं. कोन मेलं?"

"जजसाहेब," सारिका म्हणाली.

"कशानं?"

"दुधातून जहर."

"मंग सोपं हाय नं. दूध कोनं नेलं?"

ओळ एकदम थांबली. छायानं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. अंबूबाईनं आता खुरपं बाजूला ठेवून अविनाशकडं नीट पाहिलं, शाळेत नव्यानं नाव घातलेल्या पोराकडं पाहावं तसं. आणि रुख्मिणीनं घरून आणलेलं जास्तीचं खुरपं त्याच्यासमोर धरलं.

"बस इथी," ती म्हणाली. "अन् पाहून निंद, हा कांदा हाय."